ॲल्युमिनियमच्या भांड्यात लूटफिस्क

आईचं एनॅमलचं पातेलं तू बर्गनला नेलंस त्याला बावीस वर्षं झाली, आणि ते माझ्या घरात नसल्याचं फळ मला या रविवारी मिळालं. सहा माणसांसमोर मिळालं. आता बस तिकडे आरामात.

असो. गुडवेइगला थोरल्या बहिणीचे ओर्दालहून आशीर्वाद. गुडघा कसा आहे? हाल्वार्डरावांना ऐकू कमी येतं म्हणतेस, तर ते तसंच राहू दे, तुझ्या घरात त्यातच त्यांचं सुख आहे. मी ठणठणीत. डोंगरावर बर्फ उतरलाय, लाकडं फोडून रचून झालीत, दात आहेत तेवढे शाबूत आहेत.

तर नाताळाआधी आमच्या ह्यांचे ॲल्युमिनियमच्या भट्टीवरचे जुने सोबती, हे गेल्यानंतरही, दरवर्षी माझ्याकडे लूटफिस्क खायला येतात, ते तुला माहीत आहे. (लूटफिस्कसाठी आपली आई बर्चच्या राखेच्या क्षारात सुका मासा मुरवायची आणि मग तीन दिवस पाणी बदलत बसायची. मी एकच दिवस बदललं. माझे हात काही आईचे नाहीत.) पातेलं तू नेलेलं, नेहमीचं यंदा गळायला लागलं, म्हणून मी ह्यांचं ॲल्युमिनियमचं भांडं काढलं. माझा ॲन्फिन निवृत्त झाला तेव्हा सोबत्यांनी त्याच्याच भट्टीतल्या धातूचं ओतून दिलेलं, वाकड्या कडीचं. चाळीस वर्षं या टेबलाशी बसून त्या माणसाने मला त्या धातूचे गुण ऐकवले. हलका, गंजत नाही, आच लागताच तापतो, आणि हवा लागली की अंगावर स्वतःच पातळ सदरा चढवतो, तो सदरा त्याला राखतो. तिथे मी म्हणायची, पुरे आता, बटाटे सोला. त्याचं पुढचं वाक्य बहुतेक असं असणार, की क्षारापुढे तो सदरा टिकत नाही.

झाकण काढलं तर मासा करडा आणि भांडं आतून धुराड्यासारखं काळं. त्यांच्यातला तोर्गिल्स म्हणाला, "वहिनी, आम्ही जन्मभर हा धातू चकचकीत काढत आलो, तुम्ही एका दुपारात हिशोब चुकता केलात!" मग हसून हसून सगळ्यांच्या डोळ्यांना पाणी आलं. मासा टाकला, पण वाटाणे, बटाटे आणि डुकराच्या चरबीचे तळलेले तुकडे तीन तीनदा घेतले. इतकं छान जेवण कित्येक वर्षांत झालं नव्हतं, हे मी त्यांना सांगितलं नाही.

सून इंगेलिन मात्र भांड्यामागे लागलीय. "आई, वितळवायला देऊ या. कितीदाही वितळवा, धातू तोच राहतो." मी म्हटलं, "धातू राहील गं, वाकडी कडी राहील का?" शनिवारी भंगारवाला येतो, तोवर उजळलं तर ठेवीन म्हणते. तोर्गिल्स दारातून जाता जाता सांगून गेला, की त्यात रुबार्बचे आंबट देठ उकळले की काळं जातं. डिसेंबरात रुबार्ब कुठून उगवणार?

तुझी,
ओडलाउग

ता. क. तुझ्या फ्रीझरमध्ये उन्हाळ्यातला रुबार्ब आहे. दोन पिशव्या शुक्रवारच्या बसने पाठव. मुरंबा पुढच्या वर्षी कर.

आणखी ता. क. एनॅमलचं पातेलं आत्ताच माझ्याच तळघरात, बटाट्यांच्या पेटीमागे सापडलं. तरी वर लिहिलंय ते लिहिलंय, मी खोडत बसणार नाही. रुबार्ब किती वेळ उकळायचा, याचं उत्तर हाल्वार्डरावांनीच लिहायचं, तेही पूर्वी भट्टीवरच होते. तू लिहायचं नाहीस. तू फक्त पातेल्याबद्दल लिहिशील.