मोटारीचा ओटा

१० मे १९५४

सुकराम गवंडी आला, ओट्याची जागा पाहिली, सूत लावले, आणि कुदळीस हात न लावताच निघाला! कारण विचारले तर पागोटे सारखे करीत म्हणाला, "साहेब, घरची पोट्टी दोन जिवांची हाये म्हंतेत. अशा घरी जमीन नाही खोदत."

मी म्हणालो, मुलगी शामकला येथे नाही. सासरी राजनांदगावास आहे.

"पण बाळंतपणाले तं इथंच येनार ना?"

वीस वर्षे वकिली केली. तरी सूत मीच गुंडाळून त्याच्या हाती दिले.

गावातील दुसरा कोणीही येणार नाही, हे सायंकाळपर्यंत स्पष्ट झाले. ठीक आहे. मी स्वतः करीन. युद्धाच्या दिवसांत बिरसीची धावपट्टी होत असता कामानिमित्त तेथे अनेकदा उभा राहिलो आहे. एक भाग सिमेंट, दोन भाग रेती, चार भाग गिट्टी. यात पाप किती भाग मिसळायचे, ते तेथे कोणी सांगितले नव्हते.

११ मे

जेवण झाले. हातावर पाणी घालताना बायजाबाई बोलली. माझी थोरली बहीण. पत्नी सुलोचना गेल्यापासून घर तिनेच धरून ठेवले आहे, म्हणून ऐकून घ्यावे लागते.

"भाऊ, मोटार घेतली, घे बापा. आंब्याखाली उभी कर. पण जमीन कायले उकरून राहिला? सुलोचनेचं वरीस तरी सरू दे."

तिला समजावले— आमच्या अंगणाची काळी कन्हार माती पावसात लोण्यासारखी होते. मोटार आंब्याखाली ठेवली तर चाके रुततील आणि ऐन वेळी ती निघणारच नाही. म्हणून अंगणापेक्षा हातभर उंच, पक्का, काँक्रीटचा ओटा हवा, रस्त्याकडील कडेस उतार. वर पत्रे. हँडल मारले की मोटार थेट रस्त्यावर!

ती म्हणाली, "अन् तुले वाटते, थेच होनार हाये?"

गेल्या श्रावणात सुलोचनेला बैलगाडीत घालून गोंदियास दवाखान्यात नेत होतो. नाल्यास पाणी आले होते. बैल उतरेनात. काठावरच्या करंजाखाली दुपारपासून थांबलो. दिवस मावळण्यापूर्वी तिचे कण्हणे थांबले. मला वाटले, आराम पडला!

मोटार असती तर पाणी चढण्यापूर्वीच आम्ही पलीकडे गेलो असतो. शामकलेच्या बाबतीत तसे होऊ देणार नाही. बस.

१४ मे

हातांस फोड. पाठ वाकत नाही.

ईशान्येच्या कोपऱ्यात कुदळ कशावर तरी बसली. पोकळ आवाज झाला. मातीचे गाडगे होते, तोंडावर पणती उपडी घालून लिंपलेले. ते फुटले. आत काळी माती आणि चिंधीचे धागे, एवढेच. बायजाबाईने विहिरीवरून पाहिले आणि घागर तेथेच टाकून धावत आली.

"अरे बापा रे! थे तं आपल्या शामूची नाळ होय!"

येथे पूर्वी बाळंतिणीची खोली होती. पुढे एका पावसाळ्यात पडली. शामकला तेथेच जन्मली. मूल जेथे जन्मते त्याच जागी नाळ पुरतात, हे मला ऐकून ठाऊक होते. नेमकी कोठे, हे पुरुषाने विचारण्याची आमच्याकडे रीत नाही. मीही कधी विचारले नाही.

बायजाबाई कपाळास हात लावून म्हणाली, "जिची नाळ बापानंच उपटली, थी पोट्टी या घरातून—"

वाक्य तिने पुरे केले नाही. पुरे केले असते तर बरे झाले असते. अपुऱ्या वाक्याचा प्रतिवाद करता येत नाही.

खापऱ्या त्याच कोपऱ्यात गिट्टीखाली टाकल्या आणि धुमसाने ठोकल्या. मातीची वस्तू मातीत गेली. यात विपरीत काय झाले?

१५ मे

बायजाबाई बोलत नाही. वरणात मीठ मात्र दोनदा पडले आहे.

२० मे

पहिला अर्धा भाग ओतला.

एकट्या माणसाने एका दिवसात सबंध ओटा ओतणे अशक्य, म्हणून मधोमध फळी लावून दोन भाग केले. विहिरीचे पाणी मीच ओढले, माल मीच कालवला, घमेले मीच वाहिले. गावातील मंडळी कुंपणापलीकडे उभी होती. कोणी टर उडविली असती तर चालले असते. एखाद्या घरात काही झाले म्हणजे लोक जसे उभे राहतात, तसे उभे होते.

बोलला तो एकटा ईश्वरदास. गोंदियाचा धानाचा व्यापारी. ही जुनी मोटार मूळची त्याचीच. खळ्यावर आला होता, तो वाकडी वाट करून आला.

"अरे वकीलसाहब! कचहरी छोड़ दी क्या? कहते तो मैं चार आदमी भेज देता।"

मी म्हणालो, आपले आभार.

"और एक बात बताऊँ? नाले में पानी चढ़ा, तो ये गाड़ी तैरेगी थोड़े ही! बैल तो फिर भी तैर लेता है, भैया!" आणि पोट धरून हसला.

माणूस वाईट नाही. पण माझे फावडे थांबले. पुन्हा पाहिले तेव्हा उन्हाने माल आळू लागला होता.

२१ मे

दुसरा अर्धा भाग ओतला. फळीने पृष्ठभाग ओढून सारखा केला, थापीने घोटला. जोडाची रेघ दिसते, ती दिसणारच. ईशान्येचा कोपरा आज शेवटी भरला. तेथील खापऱ्या आता कोणाच्या दृष्टीस पडणार नाहीत.

२६ मे

कडक ऊन. ओटा ओला ठेवणे अत्यावश्यक आहे. त्यावर चिखलाचे बारीक बांध घालून पाणी तुंबविले, वरून तणस, म्हणजे धानाचा पेंढा, पसरली. हुबेहूब धानाची बांधी दिसते. बायजाबाईने मौन सोडले— "आता धान पेर त्यात!"

पुष्कळ दिवसांनी घरात कोणी हसले. ती हसली आणि मग पदराने डोळे पुसू लागली.

३० मे

तणस दूर केली. ओट्यास भेग गेली आहे.

जोडावर गेली असती तर समजण्यासारखे होते. तेथे नाही! ईशान्येच्या कोपऱ्यातून निघून आत आली आहे, केसासारखी बारीक. कारणे अनेक संभवतात: ऊन, अपुरी ठोकाई, खालची माती. मी तिन्ही कागदावर लिहिली, वाचली, आणि कागद फाडून टाकला.

३ जून

भेगेत सिमेंटचे पाणी भरले होते. आज शेजारूनच नवी फुटली. तेथे कापलेले लिंबू आणि कुंकू होते. बायजाबाईचेच काम असावे. उचलून टाकणार होतो. टाकले नाही.

८ जून

शामकला आली. दीर आणून सोडून गेले.

टांग्यातून उतरताना कमरेवर हात ठेवून क्षणभर थांबली— आईचीच ढब! मला विहिरीकडे पाहावे लागले.

पाय सुजलेले आहेत. गोंदियाच्या डॉक्टरीणबाईंनी येतानाच तपासले. ऑगस्टच्या मध्यापर्यंत अवकाश आहे म्हणाल्या. दवाखान्याजवळ खोली ठरविली आहे, वीस जुलैस तिकडे हलवावयाचे. तत्पूर्वी काही निघालेच, तर मोटार आहे. मी सर्व बाजू बंद केल्या आहेत.

ओटा पाहून ती म्हणाली, "बाबा, हे तुम्ही एकट्यानं केलं? माझ्यासाठी?" मग हसून, "मोटारीला पक्का ओटा; आणि माझ्या खोलीचा कूड तसाच वाकलेला?"

म्हणालो, कूड पुढल्या वर्षी. आधी बाहेर पडण्याची सोय.

भेग तिला दिसली नाही. बायजाबाईनेही, नवल म्हणजे, गाडग्याचा विषय काढला नाही.

१२ जून

दुर्पता सुईण येऊन पोट चोळून गेली. जाताना मला दाराआड म्हणाली, "लेकरू उलटं बसलं हाये, साहेब. पाय खालती. फिरलं तं फिरलं."

आणि न फिरले तर?

"मंग पाहू." एवढे बोलून तिने तंबाखू मळावयास घेतली.

२३ जून

सुकराम आपण होऊन आला! खांब आणि पत्रे चढवून दिले. "वरचं काम मी करतो, साहेब. खालचं तुमचं." उतरताना ओट्यावर पाऊल पडू नये म्हणून शिडी अंगणात लावली. शिडी मातीत रुतली आणि तो पत्र्यास लोंबकळत राहिला! शामकला पोट धरून हसली, सुकरामही हसला. खाली उतरल्यावर मात्र तिच्याकडे न पाहता हत्यारे गोळा करून निघाला.

१ जुलै

चार दिवस पावसाची झड लागली आहे. मोटार ओट्यावर सुरक्षित आहे. रोज सकाळी हँडल मारून पाहतो. सुरू होते.

घरामागची बोडी, लहानसे तळेच ते, काठोकाठ आहे. ओट्याच्या भेगेतून पाणी वर पाझरते. कापडाने टिपतो, पुन्हा येते.

दुर्पता म्हणते, लेकरू फिरले नाही.

५ जुलै

भेगेत आज करंगळीचे नख बसते.

९ जुलै, सकाळ

शामकलेस पहाटेपासून कळा. महिना बाकी होता! दुर्पतास बोलावले. तिने हात लावून पाहिले आणि म्हणाली, "गोंदिया. आत्ताच."

हँडल मारताच मोटार सुरू झाली. ओट्यावरून अलगद उतरली. रस्ता घट्ट आहे. दुर्पता आणि बायजाबाई मागे बसत आहेत.

निघतो.

९ जुलै, दुपार

मोटारीत बसून लिहीत आहे. मोटार अंगणात, आंब्याखाली. पाऊस अखंड.

नाल्यावर पाणी होते. रस्ता पाण्यात उतरत होता आणि पलीकडे दिसत नव्हता. इंजिन उत्तम चालत होते! त्याचा काही उपयोग नव्हता. मी नेमका त्या करंजाखाली थांबलो होतो. पाणी उतरेल, थोडे थांबू, असे मी म्हणालो. हेच शब्द मी गेल्या वर्षी तेथेच उच्चारले होते.

मागून शामकला म्हणाली, "बाबा, इथं नको. इथं थांबू नका. मागं फिरा."

मागे फिरलो.

घरी येतो तो बोडी फुटलेली. ओसरीत घोट्यापर्यंत पाणी. शामकलेच्या खोलीचा कूड आत कोसळला होता; बाज मातीखाली. सकाळी निघालो नसतो तर ती त्याच बाजेवर असती.

कोरडे असे काही उरलेच नव्हते, एका ओट्याखेरीज. दुर्पताने विचारले नाही, हुकूमच सोडला— "तिथंच घ्या पोट्टीले! तणस आना! धोतरं बांधा खांबाले!" वारा पश्चिमेचा, पाऊस तिरपा आत येतो. कोरडा राहिला आहे तो फक्त ईशान्येचा कोपरा. मी स्वतः तेथे तणस पसरली. स्वतः तिला उचलून ठेवले. भेग तिच्या उशाशी आहे.

मग मला बाहेर घालविले.

मघा बायजाबाई धोतराच्या पडद्याआडून गरम पाणी मागावयास आली. तोंडाकडे पाहवेना. "काय आहे?" विचारले. "पाय आले," म्हणाली आणि परत गेली.

"जोर कर बाई, जोर कर, माझी माय!" हे दुर्पताचे. शामकलेचा आवाज ओळखू येत नाही.

काचेवर पाणी वाहते आहे. पांढऱ्या धोतरापलीकडे नुसत्या सावल्या हलतात.

आवाज थांबला आहे.

गेल्या वर्षीही असाच थांबला होता.

११ जुलै

आज ओटा फोडला. ईशान्येचा कोपरा; लोखंडी सब्बल मीच चालविली. दुर्पता म्हणाली, लेकरू जिथं पडलं तिथंच नाळ पुरायची. भेग होती म्हणून फार कष्ट पडले नाहीत. खाली शामकलेच्या गाडग्याच्या खापऱ्या सापडल्या. नवे गाडगे बायजाबाईने त्यांच्यावरच ठेवले, आणि माती मला लोटावयास लावली.

मुलगी आहे. पायाळू. फार किडकिडीत, पण रडते ती सबंध गावास ऐकू जाईल अशी!

शामकला उशी टेकून पेज पीत होती. म्हणाली, "बाबा, आता मोटार कुठं ठेवणार?"

मोटार आंब्याखाली रुतली आहे. राहू दे.