मागचा ब्रेक

१२ जानेवारी, सोमवार

ब्रेक लागलाच नाय! चार जाड चाकांच्या एटीव्हीवर पुढं मी, मागं पुण्याचे एक बँक मॅनेजर — आणि थेट शेजारच्या कडुबाकाकाच्या कांद्यात. मॅनेजरसाहेबांना वाटलं, राइडमध्येच असतं. हसत होते. काका नव्हते हसत. "राजकुमार, परत कांद्यात आलास तर बांधावरनं रस्ता बंद!"

रस्ता गेला की पर्यटक फिरवायचा धंदा गेला. रविवारी वेरूळची लेणी बघून कॉलेजची बाराजणं यायचीत.

१३ जानेवारी

मागचं चाक काढलं. ब्रेकचे पॅड झिजून पार पत्र्याला टेकलेत. गणपतीतच नवे टाकले होते, एवढ्यात झिजले कसे? बायकोला, मोनालीला, फोन केला. शहरात उस्मानपुऱ्याला लॅबमधे कामाला आहे, म्हणलं येताना पॅड आण. तिनं पुढच्या ब्रेकचे आणले!

"तुम्ही नुसतं ब्रेक म्हणालात. मागचा-पुढचा मला काय ठाऊक?"

खरंय. नव्हतो म्हणालो.

१४ जानेवारी

बदलून आणले. आज संक्रांत म्हणून भांडलो नाय.

१५ जानेवारी

पॅड नवे, जाड. त्यांना दाबणारा पिस्टन मागं सरकंना. आई म्हणली, "वरवंटा देऊ का?" नको म्हणलं. फळी लावून दाबला, बसवलं एकदाचं! चक्कर मारली तर असा कर्रर्र आवाज — काकांची म्हैस दावं तोडून पळाली.

१६ जानेवारी

मोनालीनं मोबाइलवर व्हिडिओ बघितला, मग माझ्याकडं. "अहो, पॅड उलटे बसवलेत. पत्र्याची बाजू चकतीला घासतीय."

दहावीला सायन्समधे नव्वद होते मला.

दोघांनी परत खोललं. तिनं धरलं, मी बोल्ट कसले. पेडल दाबलं तर ठार खाली! "दाबत राहा," ती म्हणली. आठव्यांदा कडक झालं. गाडी बांधाकडं सोडली, डोळे मिटून पाय दाबला.

कांद्याच्या हातभर अलीकडं उभी! काका बघत होते. तंबाखू मळत निघून गेले.

१८ जानेवारी, रविवार

कॉलेजची पोरं आली आणि गाडी जागेवर नाय! पळत मळ्यात गेलो. समोरनं आई येतीय — लुगडं खोचून, हँडल धरून. मागं तिला मिठी मारून कडुबाकाकाची मनकर्णाकाकू! माझ्यापुढं येऊन झोकात थांबली.

"आई, तुला कुणी शिकवलं?"

"चार महिने झाले. तू दुपारी झोपलास की आम्ही दोघी चक्कर मारतो. पाय ब्रेकवरनं काढतच नाय मी. भ्या वाटतं ना!"