फिरता स्टँड नको

पायल,

२०१९ साली प्रज्ञेशच्या बाबांचे पाय गेले आणि आपला टीव्ही त्यांच्या कॉटसमोर आला. देहूरोडची खोली एवढीशी, ओट्यापाशी मला त्याची पाठच दिसायची. मी भाकरी थापत विचारायची, "कोण आलं हो?" हे म्हणायचे, "ती काकू आलीय. लय खवट बाई, आता सुनेचा डबा लपवतीय बघ!" सहा वर्षं मी मालिका अशीच पाहिली.

काल तू मोबाइलवर टीव्हीचा छोटा फिरता स्टँड दाखवलास. "आई, ओट्याकडे वळवला की तुम्हालाही दिसेल," म्हणालीस. मी पिशवी भरत राहिले, त्याला होकार समजू नकोस.

हे गेले, आणि पुण्यानुमोदनाच्या विधीनंतर मी पहिल्यांदा समोर बसून ती मालिका पाहिली. काकू अगदी गरीब बाई निघाली. डबा वगैरे कुणी लपवत नाही. हे मनानेच सगळं रचून मला हसवत होते. मला रडूही आलं नाही, टीव्ही बंद करून तांदूळ निवडत बसले.

दुकानदाराचा चार वाजता फोन येईल. त्याला न फिरणारा स्टँड सांग, दोन वितींहून रुंद नको. टीव्हीचं तोंड तुम्हा दोघांकडे ठेवा. मला ओट्यापाशी नुसतं ऐकू येऊ दे.

यांची कॉट आंदर मावळात यांच्या भावाकडे, दत्ताभाऊंकडे पोचली. प्रज्ञेश आजपासून परत कामावर जातोय. मी घोरावाडीला माझ्या मैत्रिणीकडे, भामाबाईकडे आहे, रविवारी येईन. तिच्याकडे टीव्ही नाही.

आई