कॅरमची पावडर आणि कुंदाचा खोकला

२४ जानेवारी
आज तीन बोर्ड सलग जिंकलो. मी आणि कुंदा. शालूवहिनी आणि पुष्पाताईंची तोंडं बघण्यासारखी झाली होती. राणी मी घेतली, कव्हर कुंदाने दिलं. माझी जुनी सवय: आधी मूठभर पावडर बोर्डावर, मग जोरात फुंकर, मग स्ट्रायकर. "आली कंडक्टरीणबाई, गाडी सोडा आता!" म्हणतात सगळ्या. एस.टी.तून रिटायर झाले तरी नाव काही सुटत नाही.
आठ मार्चच्या स्पर्धेत नावं दिली. महिला दिन, साठीवरचा गट, डबल्स. कुंदा ताबडतोब हो म्हणाली.
कुंदा खोकत होती. थंडीचं असेल.

२८ जाने.
कुंदाचा खोकला चालूच. खेळताना जास्त. प्रत्येकीने औषध सांगितलं. शालूवहिनींचा ओवा, पुष्पाताईंची अडुळशाची पानं, माझं हळद-दूध. कुंदा सगळ्याला हो म्हणाली. तिने पवनारच्या शेतातला ओला हरबरा आणला होता. बोर्डाभोवतीच सोलला, खाल्ला, खेळलो.
हे म्हणाले, घरात पिठाची गिरणी लावली काय? फरशी पांढरी. सोफा पांढरा. दारं लावून बसतो ना थंडीची.

३१ जाने.
कुंदा आली नाही. नणंद आली म्हणे हिंगणघाटहून.
तिघींत कॅरम म्हणजे काहीच नाही. पत्ते खेळलो.

३ फेब्रुवारी
आजही नाही. फोन केला तर म्हणे, आज डोळे तपासायचे आहेत. नणंद गेली का, विचारलं तर "हो हो गेली" आणि फोन बंद.
मला वाटतं त्या दिवशी तिचा सोपा कट चुकला तेव्हा मी ओरडले, तेच लागलं असेल तिला. पण ओरडणं म्हणजे... माझा आवाजच तसा. भरल्या गाडीत मागच्या सीटपर्यंत पोचवायचा असायचा.

५ फेब्रु.
भाजी बाजारात कुंदाची सून सोनल भेटली. आधी टाळत होती. मग म्हणाली, "काकू, आईले सोमवारी दवाखान्यात नेलं. दम लागलता."
दम?
"डॉक्टरने विचारलं, घरात धूळ कायची? मी म्हटलं, धूळ नाई, कॅरम खेळतात रोज. त्यांनी लगेच पावडरचं विचारलं. आई म्हणे, तुमाले सांगू नका."
हातात मेथीची जुडी तशीच. पैसे द्यायचे राहिले, भाजीवाल्याने हाक मारली.
कॅरममध्ये जोडीदारीण समोर बसते. माझी फुंकर कुठे जाते, हे इतक्या दिवसांत एकदाही डोक्यात आलं नाही.

६ फेब्रु.
कुंदाकडे गेले. ती अंगणात तूर पाखडत बसली होती! सूप आधी हिसकावलं.
"मले सांगितलं काऊन नाई?"
"सांगून काय केलं असतं? तू खेळ बंद केला असता."
"मंग? करायलेच पायजे होता."
"म्हणूनच नाई सांगितलं," म्हणाली. "दुपारची वाट पाह्यतो मी सकाळपासून."
मी रडले. तिने हसत हसत माझ्या पाठीवर थापट्या मारल्या, मग तिलाच खोकला आला, मग मी तिच्या पाठीवर मारल्या. सोनलने चहा आणला तेव्हा कोण आजारी आहे ते तिलाच कळेना.

८ फेब्रु.
पावडरशिवाय खेळून पाहिलं. गोटी चिखलात फसलेल्या बैलगाडीसारखी. तांदळाचं पीठ: बरं चाललं, थोड्या वेळाने चिकटलं. मैदा: मुंग्या. अख्खी रांग राणीकडे निघालेली. पुष्पाताईंनी अंगाला लावायची वासाची पावडर आणली. कुंदा नव्हती, तरी म्हटलं नको, तीही बारीकच.
शालूवहिनींचं दुकान आहे, त्या म्हणाल्या, "मी तं मिरची-हळदीत दिवसभर राह्यते. आम्ही मेलो का आजवर?"
तशा शिंकत असतात त्या बाराही महिने.

१२ फेब्रु.
कुंदासोबत डॉक्टरकडे. वर्ध्याला, ऑटोने. पावडरचा डबा पिशवीत घालून नेला. डॉक्टरांनी डबा फिरवून वाचला. बोरिक.
मी म्हटलं, डॉक्टरसाहेब, हे तर औषध आहे, लहानपणी कान फुटला की आई कानात टाकायची.
ते म्हणाले, तेव्हा टाकायचे. पण ही पोटात जायची वस्तू नाही, छातीतही नाही. खेळताना काही खाता का?
आम्ही दोघी बोटांवर मोजायला लागलो. हरबरा. चिवडा. संक्रांतीला तिळाच्या वड्या.
मग मला आठवलं आणि मी तिथेच डोक्याला हात लावला. झुरळं मारायच्या गोळ्या! बोरिक, कणीक, साखर. दर दिवाळीला मी स्वतः मळते, हात दोनदा साबणाने धुते, नातवंडांना ओट्याजवळ येऊ देत नाही. आणि त्याच डब्यातली पावडर हाताला फासून चिवडा खाते!
कुंदा इतकी हसली की बाहेरचे पेशंट आत डोकावले.
डॉक्टर कुंदाला म्हणाले, दम्याच्या माणसाला कोणतीच बारीक पूड चांगली नाही, बोरिक असो की दुसरी. पंप नियमित घ्या. खेळ सोडा असं ते म्हणाले नाहीत, धूळ सोडा म्हणाले. बाहेर आल्यावर कुंदाने हे वाक्य मला तीनदा म्हणायला लावलं.

१५ फेब्रु.
बोर्ड व्हरांड्यात. कापडाने घासघासून पुसला तर साचलेल्या पावडरचे थर निघाले, मीच घातलेले. आता चिमूटभर पावडर मलमलच्या पुरचुंडीत, मधोमध हळू टेकवायची, तळहाताने पसरायची. तेही कुंदा यायच्या आधी. फुंकर बंद. खाणं बंद, खायचं तर हात धुऊन, बोर्डापासून लांब. फरशी झाडायची नाही, ओल्या फडक्याने पुसायची.
नियम मी मोठ्याने वाचून दाखवले. पुष्पाताई म्हणाल्या, "घंटी वाजव आता, गाडी सुटू दे."

१८ फेब्रु.
कुंदा आली! खोकली दोनदाच. मोजत होते.
हरलो. सपशेल. माझा सगळा खेळ जोराचा, आणि आता जोर चालेना. फुंकर मारायला तोंड उघडायचे आणि तसंच मिटायचे. शालूवहिनी म्हणे, मासोळीवानी काय करून राह्यली?

२६ फेब्रु.
हळू मारायला शिकतेय. या वयात. कुंदा तशी पहिल्यापासून हळूच खेळते. आज म्हणाली, "इतके दिवस तू बोर्ड फोडत होती, आता खेळत आहे." राग आला. मग लागोपाठ तीन गोट्या घातल्या, राग गेला.
शालूवहिनी आज दुकानात नाकाला पदर बांधून मिरची मोजत होत्या.

२ मार्च
स्पर्धेचा हॉल बघून आले. बंद खोली, खिडक्या दोनच, आत सहा बोर्ड, प्रत्येकाजवळ पावडरचा मोठा डबा. संयोजक मुलगी चांगली आहे. सगळं ऐकून घेतलं. "काकू, पावडर तर लागतेच. बोर्ड बाहेर मांडवात घेता येतील का, विचारते." विचारते म्हणजे काय, कोणाला माहीत.

४ मार्च
उत्तर नाही. आमची दोघींची नावं खोडून आले. येताना हलकं वाटलं.

५ मार्च
कुंदा दारातूनच ओरडली. एवढा आवाज तिचा मी कधी ऐकला नव्हता. "आयुष्यभर पॅसेंजरले विचारून तिकीट फाडलं तू, कुठी जायचं म्हणून. अन् मले न विचारता माझं नाव खोडतं?"
"तुयाच भल्यासाठी ना..."
"माहा दमा आहे. मी ठरवीन."
खरं होतं. तिने आधी मला न सांगता लपवलं होतं, मी आता तिला न विचारता उरकलं होतं. दोघी सारख्याच. जाऊन नावं परत लिहिली. मुलगी हसली, म्हणाली, पक्कं ना आता?

७ मार्च
मांडवाचं अजून "बघतो". कुंदाने डॉक्टरांना विचारलं, ते म्हणाले, मास्क आणि पंप घेऊन जा, छाती जड वाटली की लगेच बाहेर. सोनल सोबत येणार. कुंदाचा मुलगा रुसला आहे, जाऊच नको म्हणतो.
दुपारी चार बोर्ड खेळलो, तीन जिंकलो. कुंदाचा हात असा चालला की पुष्पाताईंनी टाळ्या वाजवल्या.
निघताना तिने मला फाटकापाशी थांबवलं.
"मी उठली का तू बी उठजो. खेळ अर्धा राह्यला तरी. मले एकटीले बाहेर जायची लाज वाटते."
"उठन ना."
"अन् जिंकत असलो तं?"
"तरी उठन."
लगेच म्हटलं, विचार न करता. इथे लिहून ठेवते आहे, कारण राणी बोर्डावर असली की माझा मला भरवसा नाही.