एक्कावन्नावी फिल्म

प्रिय ताई,

सकाळी फोनवर मी एवढंच म्हणालो की आईला उद्याच्या उद्या हाडांच्या डॉक्टरांकडे परत ने आणि रद्द केलेलं ऑपरेशन करायचं का ते नव्यानं विचार. तू 'का रे, काय झालं?' म्हणालीस तेव्हा फोन कट झाला. रेंज गेली नव्हती, मीच ठेवला. फोनवर माझी जीभ लगेच फुशारक्या मारायला लागते, तुला ठाऊकच आहे. म्हणून कागद घेऊन बसलोय. नववीत सोडलेली शाळा आणि अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, तेव्हा सांभाळून घे. आणि आधी एकटीच वाच.

डॉक्टरांच्या हाताखाली असतो, असं मी सगळ्यांना सांगत आलो. खरं म्हणजे मी एक्स-रे विभागात पेशंटची गाडी ढकलतो. म्हाताऱ्या माणसांना टेबलावर चढवतो, उतरवतो, फिल्म पाकिटात घालून वरच्या मजल्यावर पोचवतो. सहा नोकऱ्यांना लाथ मारलेला मी इथे दीड वर्ष टिकलो, कारण उचलताना म्हाताऱ्या बायका माझ्या मानेला हात घालतात. दिवसभरात कुणाचा हात लागतो तो तेवढाच. राहायच्या खोलीत आम्ही चौघं, पण पाळ्या वेगळ्या. मी पोचतो तेव्हा शेजारची उशी अजून कोमट असते आणि माणूस गेलेला असतो. त्यातल्या एकाला तर मी नुसत्या खोकल्यावरून ओळखतो.

दोनेक महिन्यांपूर्वी इथल्या डॉक्टरांनी एक नवंच काम काढलं. हाडं ठिसूळ झाली की पाठीचा मणका एवढ्यातेवढ्यानं चेपतो, आईचा बादली उचलताना चेपला तसा. चेपलेल्या मणक्याला हे लोक एक ते पाच नंबर देतात. एक म्हणजे थोडक्यात निभावलं, पाच म्हणजे पार मोडला. दोनपर्यंत बहुतेक पट्टा आणि विश्रांती, तीनपासून ऑपरेशनचा विचार. आता त्यांना बघायचं होतं की तीन डॉक्टर एकाच फिल्मला एकच नंबर देतात का, आणि सहा आठवड्यांनी तीच फिल्म समोर आली तर तोच डॉक्टर तोच नंबर देतो का. पन्नास फिल्म होत्या. नावावर चिकटपट्टी लावायची, वर आकडा टाकायचा, सगळ्या पत्त्यांसारख्या पिसायच्या आणि एकेक उजेडाच्या पेटीवर चढवायची, हे काम माझ्याकडे आलं. पिसायला मला येतंच, शाळेत दुसरं काय शिकलो?

त्याच आठवड्यात तू आईची फिल्म पाठवलीस. तिकडच्या डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीख दिली होती आणि भावोजी म्हणाले होते, मेहुणा एवढ्या मोठ्या दवाखान्यात आहे तर विचार की त्याला. मी फिल्म खिडकीला धरली. कोपऱ्यात सेफ्टी पिन दिसली. पदराची पिन काढायला आई विसरली असणार, किंवा काढ म्हटल्यावर तिनं ऐकलंच नसणार. तीन वर्षांत आईला पाहिलं नव्हतं, आणि पाहिलं ते थेट आतून. मग नावावर एक पट्टी लावली, पिनेवर दुसरी, त्यावर एक्कावन्न आकडा टाकला आणि फिल्म गठ्ठ्यात सरकवली. सरळ विचारायचं ना, असं तू म्हणशील. ताई, मोठे डॉक्टर मला 'ए, पुढची' यापलीकडे काही म्हणत नाहीत.

तिघं वेगवेगळ्या दिवशी येऊन बसले. मोठ्या डॉक्टरांनी आईला दोन नंबर दिला. दुसऱ्या दिवशी बाईडॉक्टर आल्या, मान वाकडी करून बराच वेळ बघत राहिल्या, म्हणाल्या, तीन. नवा डॉक्टर दोन म्हणाला. मग परवा दुसरी फेरी झाली, या वेळी एकाच दिवशी, तिघं एकामागून एक. बऱ्याच फिल्मना लोक आपलेच जुने नंबर मोडत होते आणि मी मनातल्या मनात हसत होतो, की मास्तरच नापास व्हायला लागले. मग एक्कावन्न लागली. मोठे डॉक्टर म्हणाले, तीन, पुढची. मी पेटीवरची फिल्म काढलीच नाही. ए, झोपलास का, म्हणून ओरडले. बाई याही वेळी तीनच म्हणाल्या. नवा चार म्हणाला. फिल्म तीच ताई, मणका तोच.

काल बाईंनी गठ्ठा मोजला आणि एक जास्त कुठून आली म्हणून विचारलं. मी सगळं सांगून टाकलं, आईच्या ऑपरेशनची तारीख रद्द झाली तेही. आधी चांगलंच झापलं, मग मला स्टुलावर बसवलं. दुखणं वाढतंय की कमी होतंय? पायांना मुंग्या येतात का? लघवीचं कळतं का? उभी राहिली की किती वाकते? कुशीवर वळताना ओरडते का? एकाचंही उत्तर मला देता आलं नाही. बाई म्हणाल्या, नुसत्या फिल्मवरून मीसुद्धा चुकते रे. तिला उभी करून, हात लावून बघतील त्या डॉक्टरांनीच ठरवायचं. आणि मग विचारलं, मिळालेली तारीख रद्द कुणी करायला लावली?

ते तुला ठाऊकच आहे, तरी लिहितो. मीच. पहिल्या फेरीच्या दिवशी जिन्यातून तुला फोन केला आणि म्हणालो, इथल्या मोठ्या डॉक्टरांनी आईची फिल्म नीट बघितली, मला बाजूला घेऊन समजावलं, ऑपरेशनची काही गरज नाही. ताई, मला कुणी बाजूला घेतलं नव्हतं. ते 'दोन, पुढची' म्हणाले, बाकी सगळं मी रचलं. तू रडलीस आणि म्हणालीस, तू आहेस म्हणून बरं. असं मला कितीतरी दिवसांत कुणी म्हटलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी बाई तीन म्हणाल्या तेव्हाही ते वाक्य परत द्यावंसं वाटलं नाही. सहा आठवडे आई माझ्या थापेवर पडून आहे. ऑपरेशन लागेल की नाही, मला अजूनही माहीत नाही, कदाचित नाहीच लागणार. पण ते माझ्या शब्दावर ठरवू नकोस. भावोजींनाही हे वाचून दाखव. आणि शिव्या घालायच्या असतील तर पत्रानं नको, फोन करून घाल. मी ठेवणार नाही.

तुझाच,
धाकटा