विहीणबाई आणि मी, एकाच तंबूत

प्रिय लेकरा,

तुझ्या सासूचं आणि माझं पटत नाही, म्हणून बाळाला सांभाळायला तुम्ही आम्हाला आळीपाळीने बोलावता. आता आम्ही दोघी गाइडबरोबर मोठा डोंगर चढायला निघालोय, तेही एकाच तंबूत राहून.

गाइड म्हणाली, नवे बूट आधी घरात वापरा. म्हणून मी बूट घालूनच भांडी घासते. विहीणबाई पाठीवर तांदळाची पिशवी घेऊन आमचा जिना चढतात आणि वर येऊन माझ्या चहाला नावं ठेवतात.

उद्या तुमच्यासमोर आम्ही कडाक्याचं भांडण करू आणि रुसून आठवडाभर कुणीच येणार नाही. काल तालीम केली, पण हसू आवरेना. हे पत्र अर्थातच पोस्टात टाकत नाही.

बाळ दुपारी अजिबात झोपत नाही, ते तुम्हाला कळेलच.

तुझी, सध्या बुटात वावरणारी,
आई