परक्या शेतातला भात

बाबा,

गेल्या रविवारी शेतावर गेले होते. आपल्या नाही, परक्याच्या. कर्जतच्या पुढे एकाने शहरातल्या माणसांना पैसे घेऊन भात कापू द्यायचा धंदा काढलाय. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, राबायचं आपण आणि वर पैसेही आपणच द्यायचे? मीही तेच म्हणाले. पण धाकट्याचा फोन, "ताई, माझ्यातर्फे. नवरात्रात तेवढीच मजा." बाबा, ह्या पोराने लालबागच्या नाक्यावर मला कधी चहा पाजला नाही. माझ्या मनात लगेच आलं, कुठेतरी पाणी मुरतंय.

मुरत असणार ते गावच्या शेतात, अशी माझी खात्री. तुम्ही गेल्यापासून ते आम्हा दोघांच्या नावावर आहे, माझ्या सहीशिवाय त्याला विकता येत नाही. संशयाची शिकवण तुमचीच. एकदा मी परळच्या बाजारातून पापलेटं आणली, कोळीण फार गोड बोलली म्हणून कल्ले न बघता. तुम्ही मोरीजवळ उकिडवे बसून एकेक हुंगताय आणि मला ऐकवताय, "गोड बोलतो त्याचा माल आधी हुंगायचा." तेव्हापासून मी ताकही फुंकून पिते. म्हणूनच महिन्यापूर्वी आपलं शेत कसणाऱ्या चुलतभावाला, थोरल्या दादाला, जमिनीचा भाव विचारून ठेवला होता. उद्या धाकट्याने फसवायला नको.

तर तिथेही मी सगळं हुंगत हिंडले. चुलीवरचं जेवण म्हणे. मागे सिलिंडर होता. मालकाने गवती टोप्या दिल्या, विळे दिले. धाकटा जवळ आला की मी पुढे सरकायची. पण बाबा, एकदा वाकले, मूठ धरली, विळा ओढला, ओल्या पेंढ्याचा वास आला, आणि मी त्याला विसरूनच गेले. आख्खी ओळ कापली. घामाने न्हाले आणि फार बरं वाटलं. मग त्या बरं वाटण्याचाच संशय आला. ताई खूश झाली की विषय काढायचा, हाच तर त्याचा बेत नसेल?

जेवायला नव्या तांदळाचा भात वाढला. धाकट्याने ताट बाजूला सारलं. "मी नाय खात. दारावर अजून नवं बांधलं नाय."

दसऱ्याला भाताची नवी कणसं आंब्याच्या पानात गुंडाळून चाळीच्या दाराला बांधल्याशिवाय तुम्ही आम्हाला नवा तांदूळ चाखू दिला नाहीत. मी ते केव्हाच सोडलं. तो अजून पाळतो हे मला ठाऊक नव्हतं. तरी मी म्हटलं, "नाटकं पुरे. काय बोलायचंय ते बोल."

"तूच बोल ना. दादा बोलला मला, भाव तू विचारलास. शेत विकतेयस तर मला सांगून तरी वीक." त्याने ताट आणखी दूर सारलं. "म्हटलं, एकदा हाताने भात कापलास तर मन फिरेल तुझं."

मी सगळं खरं सांगितलं. विकणार नाही म्हणाले. तोही म्हणाला, शपथ. मग मीही भाताचं ताट बाजूला सारलं. दोघांनी नाचणीची भाकरी खाल्ली.

सोमवारी घरात कुणी नाही असं बघून मी दादाला फोन लावला. धाकट्याने स्वतः कधी भाव विचारलाय का, एवढंच विचारायचं होतं. तो हसायलाच लागला. "तुझ्या भावाचो फोन आत्ताच ठेवलंय गो. तो पण तुझ्याबद्दल ह्याच इचारी होतो."

राग यायला हवा होता. हसू आलं, मग रडू. हे पत्र कुठे टाकायचं नाही, धाकट्याच्या हाती तर मुळीच लागू द्यायचं नाही. पण बाबा, तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदाच मला वाटलं, आपल्या घरात माझ्यासारखं अजून कुणीतरी आहे.